हातचे वजन

आमच्या विभागात दरवर्षी चार-पाच विमाने तयार होत. प्रत्येकाचे वजन साधारण दीड किलो भरे, कारण ती कागदाची असत. निळ्या कापडी पुठ्ठ्यात बांधलेला, सोनेरी अक्षरांचा जाडजूड अहवाल म्हणजे आमचे विमान. शेवटच्या वर्षाची मुले गटागटाने आठ महिने त्यावर काम करत, परीक्षक एका सकाळी ते तपासत, आणि मग ते कपाटात उतरे. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या खोलीत अशी तीन कपाटे भरलेली होती. त्यांतल्या एकाही विमानाला कधी अपघात झाला नाही.

जळगाव-भुसावळ रस्त्यावरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी विमानरचना शिकवते, असे सांगितले की लोक दोन प्रश्न विचारत. पहिला, ‘म्हणजे हवाई सुंदरीचा कोर्स का?’ दुसरा, ‘तिथे विमान आहे का?’ दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे होते आणि तेथे संभाषण संपे. एवढी वर्षे जे सांगायचे राहिले, ते आता सांगते.

विमानाची रचना हे मुळात भांडण मिटवण्याचे काम आहे. पंख करणाऱ्याला पंख लांब हवा असतो. चाके करणाऱ्याला ती ठेवायला त्याच पंखात जागा हवी असते. इंजिनवाल्याला मोठे इंजिन हवे असते, आणि मोठे इंजिन पेलायला मोठा पंख लागतो, मोठ्या पंखाला अधिक भक्कम चाके लागतात, आणि इतके सगळे उचलायला आणखी मोठे इंजिन. हे चक्र कुठेतरी थांबवावे लागते. म्हणून गटाला काम देतात. एकट्या माणसाला स्वतःशी इतके भांडता येत नाही. एका वर्षी पंखवाला आणि चाकवाला यांचे गणपतीच्या वर्गणीवरून बोलणे बंद झाले. अहवाल उघडल्यावर कळले की त्यांच्या विमानाची चाके मिटतात, पण जिथे मिटतात तिथे पेट्रोलची टाकी आहे. दुसऱ्या एका गटाने गिरणा नदीवर उतरणारे विमान रचले होते. ते उत्तम होते. नदीला पाणी कधी असते, एवढाच प्रश्न परीक्षकांनी विचारला.

या भांडणात पंच एकच असतो, तो म्हणजे वजन. गटातल्या एकाकडे वजनाचा तक्ता असतो. कोणाचा भाग किती किलोंचा, हे त्याने लिहायचे आणि बेरीज करायची. काम कारकुनी दिसते, म्हणून मुले ते बहुधा गटातल्या मुलीच्या गळ्यात घालत. ‘हिचे अक्षर चांगले आहे’ हे कारण मी दरवर्षी ऐकले. विमानाचा जीव त्या तक्त्यात असतो, हे त्यांना मार्चपर्यंत कळत नसे.

माझे वडील धुळ्याच्या महाविद्यालयात कविता शिकवत. जेवताना ते मला वृत्ते मोजायला लावत. वरणाची वाफ चेहऱ्यावर घेत मी बोटांवर मात्रा मोजी. एक जास्त झाली की ओळ लंगडते, हे मला शाळेत जाण्याआधीच कानाने कळू लागले होते. विमानाचे वजन माझ्या लेखी त्याच जातीचे होते. फरक एवढाच, की मात्रा लपवता येत नाही आणि किलो लपवता येतात. हा फरक लक्षात यायला मला जवळजवळ सगळी नोकरी लागली.

दर शनिवारी आमची वजनसभा असे. प्रत्येकाने उभे राहून आपल्या भागाचे वजन सांगायचे, तक्तेवालीने ते फळ्यावर लिहायचे. नियम माझाच होता: गेल्या शनिवारपेक्षा ज्याचे वजन वाढेल, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. यातून शिस्त लागते असा माझा समज होता. ज्या गटाची ही गोष्ट आहे, त्या गटात आठ महिन्यांत एकदाही कोणाला चहा पाजावा लागला नाही. मी इतर प्राध्यापकांना हे अभिमानाने सांगत असे.

गटात चौघे होते. पंख आणि धड दर्शनकडे. त्याच्या घरची डाळमिल होती. पणजोबा राजस्थानातून आलेले. त्याच्या वहीच्या पानांना तुरीच्या टरफलांचा उबदार, मातकट वास येई. चाके इरफानकडे, तो भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला. इंजिन वरणगावच्या मयूरकडे. तो कमी बोले आणि बोलला तर हळू. वजनाचा तक्ता संगीताकडे. तिचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. घरी पावसावरची थोडी शेती आणि उन्हाळ्यात मोहाची फुले वेचणे. ती जळगावात मुलींच्या सरकारी वसतिगृहात राही. एक वर्ष नापास झाले की त्या वसतिगृहातली जागा जाते. जागा गेली की शिक्षण संपते, आणि हे ती कुणाला मुद्दाम सांगत नसे, पण सगळ्यांना माहीत होते.

त्या वर्षीचा विषय होता दुर्गम गावातून रुग्ण आणणारे छोटे विमान. अटींचा कागद मी दिला होता: माणसे आणि सामान मिळून तीनशे चाळीस किलो न्यायचे, वर्षभर, दिवसाच्या कोणत्याही वेळी. कुठून उडायचे, ते गटाने ठरवायचे. संगीताने आपल्या गावाजवळचे, आश्रमशाळेमागचे मैदान सुचवले. ते चारशे दहा मीटर लांब होते. एका टोकाला टेकडी, दुसऱ्या टोकाला नाला.

परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना दर्शनने निकाल वाचून दाखवला. विमान चारशे आठ मीटरमध्ये उडत होते. दोन मीटर शिल्लक. मुलांनी बाक वाजवले.

संगीता फळ्याकडे बघत होती. “हे कुठल्या तापमानाला काढलंस?”

“पुस्तकात आहे तेच ना भो. पंधरा अंश. प्रमाण हवा.”

“पंधरा अंश म्हणजे कुठलं गाव?”

कोणी हसले नाही, कारण खोलीतल्या कूलरचा वाळा केव्हाच कोरडा पडला होता आणि खिडकीबाहेरच्या तापमापकात चव्वेचाळीस अंश दिसत होते. बाहेरच्या हवेला तापलेल्या डांबराचा वास होता. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखाला आधार कमी मिळतो, इंजिनाचा दम लवकर संपतो, आणि विमानाला जमीन सोडण्यासाठी अधिक लांब धावावे लागते. आमची सगळी पुस्तके थंड देशांत लिहिलेली आहेत. तिथली प्रमाण हवा, म्हणजे गणितात धरायची पंधरा अंशांची हवा, जळगावला डिसेंबरातल्या पहाटे तासभर भेटते.

दर्शनने पुन्हा गणित केले. चव्वेचाळीस अंशांना पाचशे तीस मीटर आले. म्हणजे मेच्या दुपारी आमचे विमान रुग्णासह नाल्यात जात होते.

“मैदान सहाशे मीटर लिहू,” मयूर हळूच म्हणाला.

“लिहू ना,” दर्शन म्हणाला. “परीक्षक काय टेप घेऊन जाणार आहेत का तिथे?”

“ते माझ्या गावाचं मैदान शे,” संगीता म्हणाली. एरवी ती आमच्याशी पुस्तकी मराठीत बोले; राग आला की घरची बोली वर येई. “सहाशे नई शे ते. पुढे नाला शे.”

“मग दुसरं मैदान घेऊ.”

“कुठलं? दाखव.”

दर्शनकडे दुसरे मैदान नव्हते. त्याच्याकडे पंधरा दिवस होते आणि दीडशे पाने छापून झाली होती. संगीताने शांतपणे सांगितले की सहाशे लिहिले तर ती सही करणार नाही. आमच्याकडे अहवालाच्या पहिल्या पानावर गटातल्या प्रत्येकाची सही लागते. एक जरी नसली तरी अहवाल परीक्षेला घेतला जात नाही आणि सगळ्यांचे वर्ष जाते. चौघांत सर्वांत जास्त गमावण्यासारखे तिच्याकडेच होते, आणि अडूनही तीच बसली होती.

मीही तिला समजावले, हे लिहिताना अजून संकोच वाटतो. मी म्हणाले, “हा अभ्यासासाठी केलेला प्रकल्प आहे. प्रत्यक्षात कोणी विमान उडवणार नाही.”

“हो मॅडम,” ती म्हणाली. “पण मैदान प्रत्यक्षात आहे.”

दहा दिवस गटाचे बोलणे बंद होते. मग परीक्षेला चार दिवस असताना तिने सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावले. फळ्यावर वजनाचा तक्ता लिहिला. बेरीज चौदाशे ऐंशी किलो. ती खडू हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्याकडे सत्तर किलो आहेत.”

“कुठे?” इरफानने तिच्या पिशवीकडे पाहिले.

“बेरजेत. तुम्ही सांगायचात त्याच्या बेरजेवर मी दर शनिवारी पाच टक्के चढवून लिहीत होते. पुढे वाढलं तर हातचं असावं म्हणून.”

आश्चर्य कोणालाच वाटले नव्हते, हे मला जरा उशिरा कळले. इरफान आपल्या बुटांकडे पाहत होता.

“इरफान?” मी विचारले.

“पंचेचाळीस, मॅडम.”

“काय पंचेचाळीस?”

“चाकांत. रेल्वे कॉलनीचा माणूस आहे मी. हलकं असं काही बघितलंच नाही. आणि दर शनिवारी कोण चहा पाजत बसेल?”

दर्शनने पंखात तीस ठेवले होते. मयूर म्हणाला, “मी थोडंच ठेवलंय.”

“थोडं म्हणजे किती भो?” दर्शनने विचारले.

“बावीस.”

आमच्या घरांत स्वयंपाक करताना ऐन वेळी येणाऱ्या पाहुण्यासाठी तांदळाची एक मूठ जास्त टाकतात. चौघांच्या घरांत तसेच होत असणार. इथे चार जणांनी एकाच भांड्यात, एकमेकांना न सांगता, आपापली मूठ टाकली होती, आणि पाहुणा आलाच नव्हता. एकशे सदुसष्ट किलो वजन आठ महिने त्या विमानात बसून होते आणि ते कशाचेच नव्हते. चहाच्या नियमाने मुले हलकी विमाने करायला शिकली नव्हती. दर शनिवारी ठरलेला आकडाच सांगता यावा, एवढे मागे ठेवायला ती शिकली होती.

राखीव वजन ठेवूच नये असे नाही. ते एका ठिकाणी, सर्वांच्या देखत ठेवावे. तसे चाळीस किलो आम्ही तक्त्याच्या तळाशी उघडपणे लिहिले आणि उरलेले एकशे सत्तावीस पुसले. दर्शनने गणित केले. चारशे त्रेचाळीस मीटर. नाला अजून तेहतीस मीटर अलीकडे होता.

मुले हिरमुसली. संगीता मात्र तक्ता वरपासून वाचत होती. तिचे बोट पहिल्या ओळीवर थांबले. ‘माणसे आणि सामान, तीनशे चाळीस’ ही ओळ माझी होती.

“मॅडम, तुमच्याकडे काय आहे?”

“काही नाही,” मी म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले, की तिने लगेच मान डोलावली. मी रिक्षाने घरी आले. हात धुतले तरी बोटांच्या पेरांना खडूचा कोरडेपणा राहिला होता. माझ्याकडे पासष्ट किलो होते.

तीनशे चाळीस हा आकडा मी ठरवला तेव्हा त्यात वैमानिक होता, रुग्ण होता, परिचारिका होती, प्राणवायूची टाकी आणि स्ट्रेचर होते, आणि एक नातेवाईक होता. माझ्या आईला धुळ्याहून नाशिकला हलवले तेव्हा रुग्णवाहिकेच्या चालकाने एकालाच बसू देईन असे बजावले होते. आम्ही पाच जण बसलो. सहावी, माझी आत्या, वाटेत ठरलेल्या फाट्याऐवजी भलत्याच फाट्यावर उभी राहिली म्हणून चुकली, एवढेच. त्यामुळे नातेवाईक लागणार हे मला पक्के माहीत होते. पण अटींचा कागद लिहिताना ‘नातेवाईक’ हा शब्द मला अशास्त्रीय वाटला. म्हणून मी त्याला सामानात घातले.

हाच कागद मी आधीच्या वर्षांत आणखी दोन गटांना दिला होता. त्या दोन्ही गटांचे गुण मी ‘विमान जड आहे’ असा शेरा मारून कापले होते. त्यांच्या विमानांत माझा माणूस बसला होता आणि शिक्षा मुलांना झाली होती. ती मुले आता कुठे आहेत ते मला माहीत आहे. त्यांतल्या कोणाला मी अजून हे सांगितलेले नाही. ती हा अंक वाचत असतील तर त्यांनी हेच माझे सांगणे समजावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळे सांगितले. संगीताने तक्त्यात माझ्या नावापुढे ‘हातचे: ६५’ असे लिहिले. तिचे अक्षर खरोखरच चांगले होते. नियमात बसत नव्हते, तरी चहा मी मागवला.

दर्शनने चहा पिण्याआधी गणित केले. “चारशे एक! मॅडम, चारशे एक! भर दुपारी उडतंय!” मयूरने पहिल्यांदाच मोठ्याने काहीतरी म्हटले, पण ते बाकांच्या आवाजात ऐकू आले नाही. “कर सही,” दर्शन संगीताला म्हणाला. “नऊ मीटर शिल्लक आहेत तुझ्या मैदानात.”

“नातेवाईक परत लिही,” संगीता म्हणाली.

“काय?”

“बाकीची वजनं खोटी होती. हे एकच खरं आहे. पेशंट एकटा बसणार नाही.”

“अगं, नर्स आहे ना सोबत!”

“नर्स माझ्या आजीला ओळखत नाही. एकटीला बसवलं तर ती पट्टा सोडून खाली उतरेल. मग विमान रिकामंच उडव, तीनशे मीटरमध्ये उडेल.”

दर्शनने मदतीसाठी इरफानकडे पाहिले. इरफान विचारात पडला होता. “अम्मीला दवाखान्यात नेलं तेव्हा आम्ही सात जण होतो,” तो म्हणाला.

“एका रिक्षात?”

“नाही ना भो. दोन रिक्षा होत्या.”

दर्शनने आकडा पुन्हा लिहिला. चारशे त्रेचाळीस. मग संगीताने त्याला तापमान खाली खाली आणायला लावले. बत्तीस अंशांना चारशे सहा आले. मेमध्ये त्या मैदानावर सकाळी नऊपर्यंत बत्तीस असते. थंडीत दिवसभर त्याहून कमी. म्हणजे विमान उडत होते, नातेवाईकासह, फक्त मेच्या दुपारी नाही. माझ्या अटीत मात्र ‘दिवसाच्या कोणत्याही वेळी’ असे लिहिलेले होते.

“परीक्षकांनी याच्यावर नापास केलं तर?” दर्शनने विचारले. तो उर्मट मुलगा नव्हता, घाबरला होता.

“तर तुला परत बसता येईल,” संगीता म्हणाली. “मला नाही येणार.” तिने पहिल्या पानावर सही केली आणि पेन त्याच्या हातात दिले. त्याने बराच वेळ टोपण उघडले नाही. मग उघडले.

बाहेरून आलेले परीक्षक आयुष्यभर विमानांच्या कारखान्यात काम केलेले गृहस्थ होते. ते पाने बोटाला थुंकी न लावता उलटत, यावरून मला त्यांच्याविषयी आदर वाटला. शेवटच्या तक्त्यावर ते थांबले.

“मेच्या दुपारी विमान उडते का?”

“नाही सर,” संगीता म्हणाली. “नऊनंतर नाही.”

“अट कोणत्याही वेळी अशी आहे.”

“हो सर. अट पूर्ण होत नाही.”

दर्शनने डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी चष्मा काढला. “वजनातून काही कमी करता आले नसते? हे इथे ‘नातेवाईक, पासष्ट किलो’ लिहिले आहे. मी असे आजवर कुठल्या अहवालात पाहिले नाही.”

“तो काढला तर दुपारी उडतं, सर. पण पेशंट बसत नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, “तो माझा आहे. आधी लपवला होता.” त्यांनी यावर काही विचारले नाही. बहुधा कारखान्यातही अशी माणसे सापडत असावीत.

“मैदान कोणी मोजले?”

“मी, सर. पावलांनी, मग दोरीने.”

“किती वेळा?”

“तीनदा. शेवटी मे महिन्यात, दुपारी.”

“दुपारी का?”

“दुपारी पावलं लहान पडतात, सर. मैदान लांब वाटायला लागतं. म्हणून दोरी घेतली.”

ते बराच वेळ लिहीत होते. परीक्षेसाठी भरलेल्या कूलरचे पाणी टिपटिप गळत होते आणि इरफान ते थेंब मोजत असावा असे त्याच्या ओठांवरून वाटले. चौघेही उत्तीर्ण झाले, विशेष योग्यतेत नाही, साधे. परीक्षकांचा शेरा मी नंतर वाचला: ‘विमान अट पूर्ण करीत नाही. हे गटाला नेमके ठाऊक आहे.’ त्याखाली मी सही केली.

संगीताने बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला. पायथ्याच्या गावात फोनवर मोठ्याने बोलायची सवय असते, त्यामुळे तिच्या वडिलांचे बोलणे मलाही ऐकू येत होते. तिने आधी पास झाल्याचे सांगितले, मग वर्ष वाया न गेल्याचे. तिकडे कुणीतरी रडले आणि कुणीतरी त्याला गप्प केले. मग वडिलांनी विमानाचे विचारले.

“आबा, ते कागदवरनं विमान शे,” ती म्हणाली. “आनि उन्हायामा दुपारले उडत नई.”

पलीकडे आबांनी ते मोठ्याने घरातल्यांना सांगितले.

“बरं,” आबा म्हणाले. “मंग गावमा बठ्ठा लोकेसले सांगी देसू, दुपारले कोनी आजारी पडू नका.”